चावी फिरवली की सांगायचं

१२ ऑक्टोबर २००३, रविवार

जूननंतर आज वही उघडली. माफी मागायची तर कारण तरी खरं द्यावं. वेळ नव्हता असं नाही, वेळच वेळ होता. आई गेल्यापासून संध्याकाळी घरात बोलायला कोणी नाही, म्हणजे खरं तर लिहायलाच हवं होतं. पण कॉलेज, तर्कशास्त्राचे तास, एनसीसीच्या मुलींची परेड, कुकर लावला, एकटीने जेवले, हे स्वतःच्याच अक्षरात पुन्हा वाचायची भीती वाटली.

आज बसले कारण एक गोष्ट ठरवायची आहे आणि कोणाला विचारता येत नाही. जिला मी सगळं विचारते, तिच्याबद्दलच प्रश्न आहे.

डिसेंबरात सांगलीला जोड्यांची स्पर्धा आहे. एअर रायफल, दहा मीटर, चाळिशीपुढच्या बायका. एका क्लबच्या दोघी, दोघींचे गुण एकत्र. आमच्या क्लबातून मी आणि रत्नाक्का. रायफल दोघींत एकच, रत्नाक्काची. म्हणजे मुलाची, वीरेशची. तो इंजिनिअर होऊन बंगळुरूला गेला आणि जर्मन रायफल कपाटात राहिली. "पोरगं गेलं, बंदूक ऱ्हायली. आता काय हिला कुंकू लावून पूजा करू?" असं म्हणत शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीची ही मालकीण एके दिवशी मुलाचंच जाकीट चढवून तालमीमागच्या शेडमध्ये, आमच्या रेंजवर उभी राहिली. मी एनसीसीच्या मुलींना घेऊन तिथे जायची, स्वतः कधी उभी राहायची नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय नुसती टाळ्या वाजवायला येतीस व्हय गं बाई? धर." त्याला आता तीन वर्षं झाली.

या गावात मला "गं" म्हणणारं दुसरं कोणी नाही. बाकी सगळ्यांची मी मॅडम.

तर प्रश्न ट्रिगरचा. या रायफलीचा ट्रिगर दोन तऱ्हांनी लावता येतो. एका टप्प्याचा लावला तर बोट ठेवलं की थेट भिंत. जरा दाबलं की छर्रा सुटला. दोन टप्प्यांचा लावला तर आधी बोट थोडं मागे येतं, मग अडतं, आणि त्या अडलेल्या जागी थांबून, नेम बघून, उरलेला थोडासा दाब द्यायचा. मी पहिल्यापासून दोन टप्पेवाली. मला ती मधली थांबायची जागा लागते. रत्नाक्का एका टप्प्याची. "दोनदा इच्यारायला ट्रिगर काय सासू हाय? ठरलं की हाणायचं," असं तिचं म्हणणं, आणि तसंच तिचं मारणं.

लहानशी षटकोनी चावी आहे, ती फिरवली की टप्पा बदलतो. आमची पद्धत अशी, की जिचं मारून झालं तिने चावी फिरवून रायफल दुसरीच्या पद्धतीवर आणायची आणि हातात देताना मोठ्याने सांगायचं, "एक" किंवा "दोन". एवढी वर्षं यात चूक नाही.

आज रत्नाक्का म्हणाली, "मीनाबाई, त्या चावीचा कट्टाळा आला बघ. सांगलीला एकच ठेवूया, फिरवाफिरवी नको."

"कोणतं ठेवायचं?"

"दोन टप्प्याचं."

मी हसले. ती हसली नाही.

१४ ऑक्टोबर

विहारात गेले होते. वंदनेला डोळे मिटले की हल्ली श्वास अर्ध्यावर धरला जातो, रेंजवरची सवय. शेजारच्या शालूबाईंनी कोपराने ढोसलं, "मॅडम, बरं हाय न्हवं?" धम्मचक्राच्या दिवशी मी मनात ट्रिगर ओढत बसले होते, हे त्यांना कसं सांगणार? दुपारी मोठ्या भावाचा, प्रसेनजीतचा, नागपूरहून फोन. दादा, म्हटलं, सगळं छान.

रत्नाक्का "दोन टप्प्याचं" का म्हणाली असेल? ती माझ्यासाठी स्वतःची पद्धत सोडते आहे, की चावी, मी, वाटून घेणं, या सगळ्याचाच तिला कंटाळा आला आहे?

१९ ऑक्टोबर, रविवार

दुसरंच खरं असावं.

आज ती उशिरा आली. पूर्वी तालमीच्या दारापासून तिचा आवाज यायचा, "आकाराम, दिवं लाव रं!", आणि आम्हाला नेमबाजी शिकवणारे आकारामसर हवालदारकीतून निवृत्त झालेले असूनही पळत दिवे लावायचे. आज शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा मला कळलं. बोलते इतकं हळू, की दोनदा "काय?" म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली म्हणून मी नुसती मान हलवली. चहा आला तर "ठेव तिथंच" म्हणाली आणि गार होऊ दिला. मारायला उभी राहिली तेव्हा छर्रा भरताना दोन खाली सांडले, तर माझ्यावरच वैतागली, "ती डबी एवढी काठोकाठ भरतीस कशाला?" डबी मी नेहमीसारखीच भरली होती.

मारताना पुन्हा पुन्हा रायफल खाली घेत होती. ठरलं की हाणणारी बाई, आज एकेका छर्ऱ्याला तीन वेळा माघार.

निघताना मुठीतून चावी काढून माझ्या पर्समध्ये टाकली. "ही आता तुझ्यापाशीच असूदे."

भांडण झालेल्या बायका एकमेकींची भांडी परत करतात तसं वाटलं. पण भांडण कधी झालं? ऑगस्टपासूनचं सगळं आठवून पाहिलं. वीरेश आईला वर्षातून दोनदाच भेटतो, यावर मी एकदा काहीतरी बोलले होते. ते लागलं असेल का?

२६ ऑक्टोबर, पाडवा

दर दिवाळीला रत्नाक्काच्या घरून डबा येतो. त्यात तिच्या हातच्या करंज्या असतात, कडेला दोरीसारखी मुरड घातलेल्या. आई म्हणायची, या बाईने मुरड घातलेली करंजी तळणात कधी उकलणार नाही.

आज दिवाणजी केरबा येऊन दुकानातल्या पेढ्यांचा बॉक्स देऊन गेला. वर दुकानाचं नाव, दोरी तशीच. "अक्कांनी दिलंय. धाकलं मालक आल्यात बंगळूरास्नं." मी विचारलं, "घरी फराळ नाही केला?" तो म्हणाला, "अवंदा न्हाई केला जी." आणि घाईने गेला.

इतर व्यापाऱ्यांकडे पाठवतात तसा बॉक्स. पेढे चांगले होते. मी एक खाल्ला आणि बॉक्स शालूबाईंच्या घरी देऊन आले.

२ नोव्हेंबर, रविवार

ठरवलं. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

तिला माझ्याबरोबर मारायचं नसेल तर ती तसं कधी म्हणणार नाही. ती दोन टप्प्यांवर मारेल, वाईट मारेल, आणि मनातल्या मनात मला धरून ठेवेल. रायफल तिची, मुलगा तिचा, पद्धतही तिचीच राहायला हवी. बदलायचं तर मी बदलायचं. मी एका टप्प्यावर मारायला शिकायचं.

हा विचार शंभर टक्के शुद्ध आहे का, हेही तपासलं. नाही. मला तिने "शाब्बास गं मीनाबाई" म्हणायला हवं आहे. तरीही निर्णय बरोबर असू शकतो.

सुट्ट्या असल्याने आठवडाभर एकटी जात होते. रत्नाक्का "सौदं चालू झाल्यात" म्हणून येत नाही, रायफल रेंजवरच्या कपाटात, चावी माझ्याकडे. पहिल्या दिवशी भयंकर. बोट टेकवेपर्यंत छर्रा गेलेला. थांबायची जागाच नाही, उंबऱ्याशिवायच्या घरात पाय टाकल्यासारखं. मग हळूहळू कळायला लागलं, की थांबणं बोटाने करायचं नाही, त्याच्या आधीच करून यायचं. आज पाच छर्रे असे बसले की पाचांवर मिळून चार आण्याचं नाणं ठेवलं तर झाकले जातील. आकारामसर कागद उजेडाला धरून म्हणाले, "मॅडम, ह्ये तुमचं? ह्ये तर अक्कांचं वाटतंय."

हा कागद मी घरी आणला आहे. आयुष्यात इतकं सरळ मी कधी मारलं नाही.

पुढच्या रविवारी तिला चकित करायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

लिहायला नको वाटतं, म्हणून लिहायलाच हवं.

आज सांगलीच्या आधीची चाचणी. क्लबातले सगळे होते, दोन-तीन मुलींचे आईवडीलही. आधी मी मारलं, एका टप्प्यावर. चांगलं झालं. रत्नाक्का मागे खुर्चीवर बसली होती, तिने टप्पा ओळखला नाही की ओळखून बोलली नाही, समजलं नाही. तिची पाळी आली. ठरल्याप्रमाणे तिला दोनची अपेक्षा. मी रायफल एकवरच ठेवून तिच्या हातात दिली आणि काही म्हटलं नाही.

मला वाटलं, बोट ठेवताच तिला आपली जुनी जागा लागेल, ती वळून बघेल, हसेल.

आमचा नियम आहे की छर्रा भरण्याआधी ट्रिगर एकदा रिकामा ओढून बघायचा. तिने बघितला नाही. मी दिली होती म्हणून बघितला नाही. छर्रा भरला, त्यालाच खूप वेळ लागला. रायफल उचलली. नळी वरून खाली निशाणावर आणता आणताच पहिला टप्पा घ्यायचा असतो, तसा तिने घेतला. तिथे टप्पा नव्हता. छर्रा निशाणाच्या वरच्या फळीत जाऊन रुतला.

आवाज एवढासा, पण सगळ्यांनी ऐकला. कोणाचे तरी वडील मागून म्हणाले, "पाखरू मारलं की काय अक्कांनी!" दोघे-तिघे हसले. रत्नाक्काने रायफल टेबलावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, राग नाही, आश्चर्य नाही. पाटीसारखा कोरा चेहरा. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं. जाकीट तसंच अंगात ठेवून निघून गेली, एक चप्पल जमिनीवर घासत.

आकारामसर सगळ्यांदेखत बोलले. "मॅडम, शिकल्यासवरल्या तुमी. सांगितल्याबिगर चावी फिरवायची न्हाई, ह्ये मी पोरींस्नी पैल्या दिवशी सांगतो."

मी चावी फिरवलीच नव्हती, चूक न फिरवण्याची होती. पण हा युक्तिवाद मनात सुचला याचीच शरम वाटली.

१० नोव्हेंबर

तीन वेळा फोन केला. केरबाने उचलला. "अक्का सौद्यात हायत." "अक्का जेवाय गेल्यात." "अक्का झोपल्यात." दुपारी चारला.

१६ नोव्हेंबर, रविवार

ती आली नाही. मी एकटी एका टप्प्यावर मारलं, सगळं बाहेर गेलं. मग चावी फिरवून दोनवर मारलं, तेही बाहेर. शेड इतकी शांत होती की छर्रा कागदातून जाताना ऐकू येत होता. पूर्वी माझ्या प्रत्येक छर्ऱ्यानंतर मागून आवाज यायचा: "ह्यो काय! ह्यो पण काय! हां, ह्यो बरा."

सांगलीच्या नोंदणीवर दुसरं नाव घालायचं का, असं आकारामसरांनी विचारलं. चार दिवस द्या म्हटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज कॉलेजातून तशीच शाहूपुरीत गेले.

हंगाम भरात आहे. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या राशी, गाड्या, माश्या, आणि सौद्याचा गलका. दर वर्षी त्या गलक्यात रत्नाक्काचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. आज राशीवर केरबा ओरडत होता. ती आत गादीवर बसली होती, उजवा हात पदराखाली.

"या प्राध्यापक," एवढंच म्हणाली.

मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. पहिल्या वाक्यातच विसरले. "रत्नाक्का, माझं चुकलं. चावी फिरवली नाही आणि सांगितलंही नाही."

"चुकलंच की."

"पण त्याच्या आधीपासून काय बिघडलंय आपल्यात? तुम्ही माझ्याशी हसत नाही. तोंडातल्या तोंडात बोलता. चावी परत दिलीत. दिवाळीला विकतचे पेढे पाठवलेत. मी कोण, गिऱ्हाईक आहे का? मला सरळ सांगा, नको असेल तर..." तर्कशास्त्र शिकवणारी बाई गुळाच्या दुकानात उभी राहून करंज्यांवरून रडत होती. एक हमाल वळून बघून गेला.

"अय्यो," रत्नाक्का म्हणाली. "करंजीवर आली ही. बस खाली. बस की गं."

मी बसले. तिने पदराखालचा हात काढून आमच्या दोघींच्या मध्ये गादीवर ठेवला.

"बघ."

हात काहीच करत नव्हता, तरी हलत होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते, गुळाची बारीक गोळी वळावी तसे, आपले आपण.

"ह्येला सांगून बघ थांब म्हणून. मी लई सांगितलं. मराठीत सांगितलं, कन्नडात सांगितलं. साकु म्हटलं, बास कर रं बाबा. ऐकतंय व्हय?" ती म्हणाली. "श्रावणात मिरजंला गेलतो. कंपवात म्हणला डाक्टर. करंजीची कड मुरडायला ह्येच बोट लागतंय. छर्रा भरायला ह्येच. तुझी ती टीचभर चावी, तिला बी ह्येच. आन आवाज त्यानंच बसलाय. त्या केरबाचं आयकावं लागतंय आता सौद्याला, बघ कसा बोकडावाणी वरडतोय."

"आणि हसू?"

"तोंड बी गोठतंया म्हणला. मी हसतोय की गं. आत हसतोय. भाईर येत न्हाई त्येला मी काय करू?"

मी त्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोच, नऊ तारखेचा, पाटीसारखा. मी त्याच्यावर काय काय वाचलं होतं! हळू आवाज, सांडलेले छर्रे, गार चहा, घासणारी चप्पल, सगळं माझ्यासमोर होतं आणि प्रत्येक गोष्टीचा निष्कर्ष मी माझ्यावरच आणून सोडला. इतकी मी स्वतःपाशीच असते का?

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "दोन टप्प्याचं ठेव म्हटलं न्हवं? एकाला बोट टेकलं की सुटतंय, थरथरीनंच. दोनात जरा टेकाय जागा मिळती. तीन वर्सं त्या दोन टप्प्याला सासू म्हटलं मी, आन आता तिच्याच पाया पडायची येळ आली. त्यावरनं तुला कळंल असं वाटलं. शिकल्याली हाईस."

मग दुसरीकडे बघत, "पेठंत कुणाला बोलायचं न्हाई. अडतीवर बाई बसल्या म्हणून आधीच लोक बघत्यात. हात हलतोय म्हटल्यावर निम्मं शेतकरी दुसऱ्या दारात माल उतरवतील. ईरेसला दिवाळीत दिसलं. आत्ताच चल म्हणतोय बंगळूराला. म्हटलं, हंगाम संपूदे. सांगली हूदे."

"हंगाम संपल्यावर?"

"बघू की."

"रायफल?"

"ती कुठं न्हेऊ? ती हितंच तुझ्यापाशी."

निघताना तिने डाव्या हाताने गुळाचा खडा फोडून माझ्या तळहातावर ठेवला. मी तो तिथेच, तिच्यासमोर खाल्ला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी आठला, इतर कोणी यायच्या आधी, आम्ही दोघीच रेंजवर. सरावासाठी आकारामसरांनी दार उघडून दिलं आणि काही न विचारता चहा आणायला गेले. त्यांना माहीत आहे असं मला वाटतं. कदाचित माझ्याआधीपासून.

रायफल दोन टप्प्यांवर लावली. मग पहिल्या टप्प्याचं वजन वाढवत गेले, म्हणजे बोटाने त्यावर भार टाकून उभं राहिलं तरी चालेल, आणि दुसऱ्याला अगदी थोडा दाब उरेल. थोडं वाढवायचं, "दोन" म्हणायचं, रायफल तिच्याकडे द्यायची. ती रिकामा ट्रिगर ओढून बघायची. "अजून." पुन्हा. "अजून. हां, हितं. हितं माझं बोट गप बसतंय."

मला ते जड आहे. माझ्या जुन्या दोन टप्प्यांपेक्षाही जड, आणि त्या चार आण्याच्या नाण्यापासून फार लांब. सांगलीत मी माझी पद्धत वेगळी लावू शकते. माझ्या पाळीआधी चावी फिरवायला अर्धं मिनिट लागेल. पण तिच्या पाळीच्या वेळी ती पुन्हा फिरवताना सगळे बघतील, कोणीतरी विचारेल, अक्कांना एवढं जड कशाला? एकच सेटिंग असली तर विचारायला कोणाला काही उरत नाही. म्हणून मीही त्याच्यावरच मारणार आहे. हे त्यागातून करते आहे का, हे तपासलं. तसं वाटलं नाही. त्या नाण्याच्या कागदावर मला मीच नको होते, मला तिच्यासारखं मारायचं होतं. आता दोघी एकाच जागी थांबतो आहोत, एवढंच.

चावी मी कपाटात ठेवून दिली.

तिने दहा मारले. सहा निशाणाच्या काळ्या वर्तुळात, एक अगदी मधोमध. मी मागच्या खुर्चीवरून ओरडले, "ह्यो बरा!" माझ्या आवाजात ते विचित्र वाटलं, शेडभर घुमलं. ती वळली. चेहरा तसाच. पण खांदे हलत होते, आणि ते हलणं हाताचं नव्हतं.

एकच अडचण उरली. छर्रा. प्रत्येक वेळी भरताना तिचे दोन-तीन सांडतात, आणि स्पर्धेत घड्याळ चालू असतं. मी शेजारी उभी राहून भरून देऊ शकते. पण नियमात ते बसत नसेल तर तिचा प्रत्येक गुण खोटा ठरेल, आणि तिला ते माझ्याहून जास्त लागेल. आकारामसरांच्या कानावर घालायचं कसं, हेही ठरवायला हवं. त्यांना माहीत असलं तरी मी तिचं नाव घेणार नाही. माझंच बोट दुखतंय म्हणेन.

उद्या: आकारामसरांना विचारणे, जोडीदारणीने छर्रा भरून दिला तर चालतो का.